तुरुंगातील प्रथम वाचक : अभ्यवेक्षण आणि संहितेचे तात्पर्य

१

तुरुंगात लिहिल्या गेलेल्या ग्रंथांकडे पाहण्याची मराठी समीक्षेची एक रूढ पद्धत आहे. ग्रंथ तुरुंगात लिहिला गेला ही गोष्ट चरित्रातील एक तेजस्वी घटना म्हणून नोंदविली जाते, लेखकाच्या धैर्याचा गौरव होतो आणि मग ग्रंथाच्या आशयाची चर्चा अशी सुरू होते, की जणू तो पुण्याच्या एखाद्या वाड्यात बसून लिहिला गेला असावा. तुरुंग हा लेखनाचा ‘प्रसंग’ मानला जातो. लेखनाची ‘अट’ म्हणून त्याचा विचार क्वचितच होतो. परिणामी एक साधी वस्तुस्थिती समीक्षेच्या नजरेतून निसटते. तुरुंगातून बाहेर येणाऱ्या आणि तुरुंगात जाणाऱ्या प्रत्येक मजकुराला त्याच्या उद्दिष्ट वाचकाआधी दुसरा एक वाचक भेटलेला असतो. तो पगारी असतो, त्याला मजकूर अडविण्याचा अधिकार असतो आणि आपल्या वाचनाचे समर्थन त्याला सहसा कोणापुढे करावे लागत नाही.

वाचककेंद्री समीक्षेने गेल्या अर्धशतकात वाचकाच्या अनेक कोटी कल्पिल्या. इझरने संहितेत अनुस्यूत असणारा वाचक दाखविला. याउसने अपेक्षांच्या क्षितिजाची कल्पना मांडून वाचकाला इतिहासात उभे केले. या सर्व मांडण्यांत लेखक आणि वाचक यांच्यामधला मार्ग मोकळा आहे असे गृहीत धरलेले असते. टपाल नियमित पोहोचते, ग्रंथ दुकानात मिळतो आणि अर्थाची निष्पत्ती त्यानंतर सुरू होते. तुरुंगाच्या दारात हे गृहीत कोसळते. तेथील अभ्यवेक्षक, म्हणजे सेन्सॉर, हा संहितेचा प्रथम वाचक असतो आणि संहिता त्याच्यासाठी लिहिलेली नसली तरी तिला त्याच्या वाचनातून जिवंत बाहेर पडावे लागते. लिओ स्ट्राउसने १९५२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात छळाच्या भयाखाली ओळींच्या मधल्या जागेत लिहिण्याच्या कलेची चर्चा केली होती. परंतु त्याचा लेखक सावध असला तरी मोकळा होता. बंदिवान लेखकाची सावधता निराळी असते. आपला मजकूर कोण वाचणार, कोणत्या कचेरीत वाचणार आणि न आवडल्यास त्याचे काय होणार, हे त्याला ठाऊक असते.

या प्रथम वाचकाने मराठीतील ग्रंथांवर आणि पत्रांवर कोणते संस्कार केले, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे. त्यासाठी प्रामुख्याने तीन प्रसंग पुरेसे ठरतील : मंडालेच्या तुरुंगातील टिळकांच्या वह्या, १९६५ साली सर्वोच्च न्यायालयात निकालात निघालेले प्रभाकर संझगिरी यांचे हस्तलिखित आणि २०२२ साली तळोजा कारागृहाने अडविलेले एक विनोदी पुस्तक. हे तीन प्रसंग तीन वेगळ्या राजवटींतले किंवा कालखंडांतले आहेत. परंतु त्यांना जोडणारा प्रश्न एकच आहे. मजकुराचे तात्पर्य कोण ठरवितो?

२

२२ जुलै १९०८ रोजी लोकमान्य टिळकांना मुंबईच्या उच्च न्यायालयात राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली. खटला ‘केसरी’तील ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या लेखांवर उभा होता. ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन पारशी गृहस्थ होते आणि निर्णय सात विरुद्ध दोन असा झाला. मूळ लेख मराठी होते; ज्यूरीपुढे वजन पडले ते त्यांच्या सरकारी इंग्रजी भाषांतरांचे. टिळकांनी आपल्या बचावाच्या प्रदीर्घ भाषणात या भाषांतरांवर आक्षेप घेतले, मराठी शब्दांच्या अर्थच्छटांचा वाद घातला, लेखाचा हेतू त्याच्या संपूर्ण संदर्भातून ठरवावा असा आग्रह धरला. राजकीय इतिहासकारांनी या खटल्याचे महत्त्व वेगळ्या कारणांसाठी सांगितले आहे. समीक्षेच्या दृष्टीने पाहिले तर तो मराठी संहितेच्या अर्थनिर्णयावरचा खटला होता आणि त्यात अर्थ ठरविण्याचा अधिकार मराठी न वाचणाऱ्यांच्या हाती होता.

यानंतर मंडाले येथे जे घडले त्याकडे या पार्श्वभूमीवर पाहावयास हवे. ‘गीतारहस्या’चे लेखन १९१०-११ च्या हिवाळ्यात झाले. टिळकांना पुस्तके मिळाली, परंतु ती एका परवानगीच्या व्यवस्थेतून मिळाली. आरंभी थोडीच पुस्तके एका वेळी जवळ ठेवता येत; पुढे ती सवलत वाढली. लिहिण्यासाठी सुटे कागद मिळत नसत. कोऱ्या कागदांच्या बांधलेल्या वह्या मिळत आणि त्यांच्या पानांवर अनुक्रमांक घातलेले असत. शाईऐवजी शिसपेन्सिलीने लिहावे लागे. जून १९१४ मध्ये सुटका झाली तेव्हा वह्या लगेच हाती आल्या नाहीत. त्या काही काळ सरकारकडे राहिल्या आणि नंतर परत मिळाल्या. ग्रंथ १९१५ साली छापला गेला.

पृष्ठांक घातलेल्या वहीचा अर्थ काय? एरवी पृष्ठांक हा वाचकाच्या सोयीसाठी असतो. येथे तो लेखकाविरुद्धच्या पुराव्याचा भाग आहे. पान फाडले गेले तर कळावे, तुरुंगाबाहेर काही गेले तर कळावे, एवढाच त्याचा हेतू. वहीचे पहिले पान लिहिण्यापूर्वीच तिची मोजदाद झालेली असते. म्हणजे प्रथम वाचकाने संहितेच्या आधीच संहितेच्या शरीरावर आपली खूण केलेली असते. लेखकाला खोडाखोड करता येते, पण मसुदा नष्ट करता येत नाही. चूक, शंका, टाकून दिलेली वाट, हे सर्व परीक्षकाच्या स्वाधीन करावे लागते. लेखनप्रक्रियेचा जो खाजगी भाग प्रत्येक लेखक अग्नीच्या किंवा केराच्या स्वाधीन करतो, तो बंदिवान लेखकाला राखून ठेवता येत नाही आणि नाहीसाही करता येत नाही.

परंतु याहून अर्थपूर्ण गोष्ट ग्रंथाच्या आत आहे. ‘गीतारहस्या’च्या आरंभीच टिळक ग्रंथाचे तात्पर्य कसे ठरवावे हा प्रश्न उपस्थित करतात आणि त्यासाठी मीमांसकांनी सांगितलेल्या कसोट्यांचा आधार घेतात : उपक्रम आणि उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. कोणत्याही ग्रंथातील एखादे वचन सुटे काढून त्यावर आपला सिद्धांत लादू नये. आरंभ, शेवट, पुनरुक्ती, नावीन्य, परिणाम आणि युक्तिवाद यांचा एकत्र विचार करून तात्पर्य काढावे, असा या पद्धतीचा भर आहे. सांप्रदायिक टीकाकारांच्या विरोधात हे अस्त्र टिळक वापरतात, असे आजवरच्या अभ्यासाने पुरेसे दाखविले आहे. परंतु याच लेखकाला, त्याच्या लेखांतील वचने सुटी काढून, परभाषेत नेऊन, त्यांचे तात्पर्य ठरविणाऱ्या न्यायासनाने तेथे पाठविले होते. ज्या खोलीत तो बसला होता तेथेही त्याच्या वहीचे तात्पर्य पुढेमागे एक अधिकारी ठरविणार होता. तात्पर्यनिर्णयाच्या कसोट्यांचे प्रकरण ही गीतेच्या अभ्यासाची प्रस्तावना आहेच. पण तुरुंगाची अट लक्षात घेतली तर ते प्रथम वाचकाला उद्देशून केलेले, त्याला कदाचित न कळलेले, एक निवेदनही ठरते. संहिता नीट वाचण्याची रीत कोणती, हे ते सांगते.

असे वाचन टिळकांच्या मनात होते असा दावा करण्याचे कारण नाही. दावा एवढाच, की संहिता ज्या परिस्थितीत वावरत होती तिच्यात हा अर्थ उपलब्ध होता आणि ‘तुरुंगात लिहिला’ एवढे म्हणून थांबणाऱ्या समीक्षेला तो दिसू शकला नाही.

३

ग्रंथापेक्षा पत्राची अवस्था अधिक नाजूक. भारतातील तुरुंगनियमांचा पाया १८९४ च्या तुरुंग अधिनियमाने घातला आणि पुढे प्रांतोप्रांतीच्या नियमावल्यांनी कैद्याच्या पत्रांची संख्या, तपासणी आणि विषय ठरविले. या नियमांत एक तरतूद सातत्याने आढळते : पत्रातील मजकूर खाजगी बाबींपुरता मर्यादित असावा, तुरुंगाचा कारभार, इतर कैदी आणि राजकारण यांचा उल्लेख त्यात नसावा. प्रशासनाच्या दृष्टीने ही सुरक्षिततेची तरतूद आहे. साहित्यशास्त्राच्या दृष्टीने ती वाङ्मयप्रकाराची व्याख्या आहे. काव्यशास्त्राने महाकाव्याची लक्षणे सांगावीत तशी येथे सत्तेने पत्राची लक्षणे सांगितली आहेत. विषय कौटुंबिक, लांबी ठरलेली, रस करुण किंवा शांत, आणि सभोवतालच्या वास्तवाचे वर्णन वर्ज्य.

या व्याख्येचा एक चमत्कारिक परिणाम होतो. मराठी पत्राला आधीच साच्याची सवय होती. साष्टांग नमस्कारापासून इकडील कुशल कळवून तिकडील कुशल विचारण्यापर्यंतचा मायना हा पत्राचा उंबरठा; खरे पत्र त्यानंतर सुरू व्हावयाचे. तुरुंगाच्या नियमात बसणारे पत्र मात्र उंबरठ्यावरच संपते. कुशल कळविणे एवढेच शिल्लक राहते आणि नेमक्या त्याच विधानावर विश्वास ठेवणे अशक्य होऊन बसते. कारण प्रकृती ठीक नाही, जेवण नीट मिळत नाही, मारहाण होते, ही सर्व विधाने ‘तुरुंगाचा कारभार’ या वर्ज्य विषयात जमा होऊ शकतात. म्हणजे नियमच असा, की कुशलाशिवाय दुसरे काही लिहिता येऊ नये. वाचणाऱ्या आईला हे माहीत असते. तिला शब्दांतून काही कळत नाही. अक्षराचे वळण, ओळींची संख्या, नेहमीचे एखादे नाव गाळले गेले असेल तर ते गाळणे, यांतून ती अर्थ काढते. अभ्यवेक्षणाखालील पत्राचा वाचक अपरिहार्यपणे चिन्हमीमांसक होतो.

अंदमानात हा साचा आणखी आवळला गेला होता. तेथे कैद्याला घरी पत्र लिहिण्याची मुभा वर्षातून एकदाच मिळे. वि. दा. सावरकरांनी कारावासात रचलेले काव्य कागदावाचून, भिंतीवर कोरून आणि स्मरणात साठवून राखले, ही हकीकत मराठी वाचकांना परिचित आहे. तिचाही गौरवाच्या पलीकडे विचार व्हावयास हवा. भिंत आणि स्मृती ही दोन माध्यमे प्रथम वाचकाला चुकविण्यासाठी निवडली गेली. एक त्याच्या डोळ्यांसमोर असूनही टपालात जात नाही आणि दुसरी त्याच्या हाती लागत नाही. परंतु स्मृतीला वृत्त लागते. गद्य असे साठविता येत नाही. म्हणून ज्या काळात मराठी कविता हळूहळू मुद्रणाच्या डोळ्यासाठी लिहिली जाऊ लागली होती, त्याच काळात अंदमानात ती पुन्हा पाठांतराच्या कानासाठी रचली जात होती. ‘कमला’सारख्या रचनेच्या रूपबंधाची चर्चा करताना महाकाव्याच्या परंपरेइतकाच कागदाच्या अभावाचाही हिशेब मांडला पाहिजे.

साने गुरुजींच्या बाबतीत हा विचार अधिक जपून करावा लागतो. ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत, ९ ते १३ या पाच दिवसांत, लिहिली गेली. त्याच्या आदल्या वर्षी धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी रविवारी गीतेवर दिलेली प्रवचने त्यांनीच उतरून घेतली होती. ज्या लेखकाचा ‘पत्री’ हा काव्यसंग्रह ब्रिटिश सरकारने जप्त केला, त्याच्या तुरुंगातील सर्वांत प्रसिद्ध पुस्तकात राज्यकर्त्यांविरुद्ध उघड असे काही नाही. त्यात घर, आई, दारिद्र्य आणि संस्कार आहेत. विषयाच्या दृष्टीने ते ‘खाजगी बाबीं’च्या चौकटीत अलगद बसते. सेन्सॉरच्या भयाने त्यांनी हा विषय निवडला असे म्हणणे अन्यायाचे आणि उथळपणाचे होईल. परंतु तुरुंगातील हजारो पत्रांना जो एकमेव विषय मोकळा होता त्याच विषयातून मराठीतील सर्वाधिक वाचल्या गेलेल्या पुस्तकांपैकी एक उभे राहिले, हा योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा नाही. राजकारणासाठी तुरुंगात आलेला माणूस घराकडे वळतो तेव्हा घर हा राजकारणाचा विरुद्ध शब्द राहत नाही. आई हीच नीतीची आणि म्हणून राष्ट्राची पहिली शाळा ठरते. परवानगी मिळालेल्या विषयाच्या पोटात परवानगी न मिळालेला विषय असा नांदू शकतो.

ग्रामशीच्या टिपणवह्यांबद्दल अशीच चर्चा झाली आहे. मार्क्सवादाला तो ‘आचाराचे तत्त्वज्ञान’ म्हणतो तो केवळ इटलीच्या तुरुंगातील परीक्षकाला चुकविण्यासाठी, असे पूर्वी मानले जाई. पुढील अभ्यासकांनी दाखविले, की आडवळणाने घेतलेल्या या शब्दाने विचारालाच नवे वळण दिले. अभ्यवेक्षणाने लादलेला शब्द हा मूळ शब्दाचा निव्वळ मुखवटा राहत नाही. तो आपला अर्थ घेऊन येतो.

४

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न संपला असे मानण्याची सोय एका मराठी हस्तलिखिताने ठेवली नाही. १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी आणीबाणी जाहीर झाली आणि भारत संरक्षण नियमांखाली अनेक कम्युनिस्ट कार्यकर्त्यांना स्थानबद्ध करण्यात आले. प्रभाकर पांडुरंग संझगिरी त्यांपैकी एक. मुंबईच्या जिल्हा कारागृहात असताना त्यांनी शासनाच्या परवानगीने मराठीत ‘अणूच्या अंतरंगात’ हे विज्ञानविषयक पुस्तक लिहिले. ते प्रकाशनासाठी पत्नीकडे पाठविण्याची परवानगी त्यांनी मागितली आणि शासनाने ती नाकारली. उच्च न्यायालयाने संझगिरींच्या बाजूने निर्णय दिला. त्याविरुद्ध महाराष्ट्र शासन सर्वोच्च न्यायालयात गेले. ६ सप्टेंबर १९६५ रोजी न्या. सुब्बा राव यांनी लिहिलेल्या निर्णयाने शासनाचे अपील फेटाळले गेले.

न्यायशास्त्राच्या अभ्यासकांना हा निर्णय व्यक्तिस्वातंत्र्याच्या संदर्भात परिचित आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी त्याची दखल घेण्याचे कारण वेगळे. या वादात दोन्ही बाजूंनी एकाच संहितेचे, म्हणजे स्थानबद्धतेच्या अटींसंबंधीच्या १९५१ च्या आदेशाचे, वाचन केले आणि वाद त्या संहितेतील मौनावर झाला. पुस्तक लिहून बाहेर पाठविण्याबद्दल आदेशात काहीच म्हटलेले नव्हते. शासनाचे म्हणणे असे, की स्थानबद्ध माणसाचे स्वातंत्र्य गेलेले असते. त्याला आदेशाने दिलेल्या सवलती तेवढ्या उरतात आणि त्या यादीत पुस्तक पाठविणे नाही, म्हणून ते निषिद्ध. न्यायालयाचे म्हणणे असे, की आदेश ही सवलतींची यादी नाही. ती निर्बंधांची यादी आहे. जे निर्बंधात सांगितलेले नाही ते स्वातंत्र्य शिल्लक राहते.

मीमांसेच्या परिभाषेत सांगावयाचे तर शासनाने आदेश ‘परिसंख्या’ म्हणून वाचला. पाच नखे असलेल्या पाच प्राण्यांचे मांस खाण्यास हरकत नाही, या वचनाचा अर्थ मीमांसक असा करतात, की त्या पाचांव्यतिरिक्त इतर पंचनखी प्राणी वर्ज्य. सांगितलेल्यातून न सांगितलेल्याचा निषेध निघतो. सत्तेचे वाचन स्वभावतः परिसंख्येकडे झुकते. मौन तिला नेहमी आपल्या बाजूचे वाटते. न्यायालयाने ही दिशा उलटविली आणि मौनाला कैद्याच्या बाजूने उभे केले. संहितेतील रिकाम्या जागा वाचक भरतो हे इझरचे प्रतिपादन वर्गांत शिकविले जाते. त्या जागा कोण भरतो यावर एखाद्या हस्तलिखिताचे आयुष्य अवलंबून असते, हे या खटल्याइतके स्पष्ट करणारे उदाहरण मराठी वाङ्मयव्यवहारात दुसरे सापडणे कठीण.

तरीही या निर्णयात एक अस्वस्थ करणारा धागा आहे. न्यायाधीशांना पुस्तकाची अनुक्रमणिका दाखविण्यात आली होती. तिच्यावरून पुस्तक मूलकणांच्या सिद्धांताचे वस्तुनिष्ठ विवेचन करणारे आहे आणि देशाच्या संरक्षणाला त्यापासून बाधा येण्याचा संभव नाही, असे समाधान करून घेण्यात आले. निर्णयाचे तत्त्व या समाधानावर अवलंबून नव्हते. निर्बंध कायद्यात नसेल तर तो लादता येत नाही, एवढे तत्त्व स्वयंपूर्ण होते. पण पुस्तकाचा निरुपद्रवीपणा त्याच्या जोडीला उभा राहिला. म्हणजे मुक्ततेच्या क्षणीसुद्धा संहितेला पुन्हा एका परीक्षेतून जावे लागले. या वेळी परीक्षक सहृदय होता एवढाच फरक. तेच हस्तलिखित अणूंऐवजी वर्गकलहाच्या अंतरंगाविषयी असते तर? तत्त्व तेच राहिले असते. अनुक्रमणिकेने मात्र साथ दिली नसती.

विज्ञानाचा आश्रय ही गोष्ट टिळकांच्या गीतेशी आणि साने गुरुजींच्या आईशी ताडून पाहावी. अध्यात्म, घर, विज्ञान : तुरुंगाच्या दारातून सुखरूप बाहेर पडणारे हे तीन विषय. मराठी तुरुंगवाङ्मयाची विषयसूची करावयास बसले तर ती लेखकांच्या आवडीइतकीच या दाराच्या रुंदीनेही ठरलेली आढळेल.

५

टिळकांच्या आणि संझगिरींच्या प्रसंगांत एक गोष्ट समान होती. मजकूर वाचला गेला, किंवा निदान तो वाचून ठरवावयाचा आहे असे मानले गेले. २०२२ साली समोर आलेला प्रसंग या दृष्टीने निराळ्या जातीचा आहे. एल्गार परिषद प्रकरणात तळोजा कारागृहात असलेले पत्रकार गौतम नवलखा यांना घरून टपालाने पाठविलेले पी. जी. वुडहाउसचे विनोदी पुस्तक सुरक्षिततेच्या कारणावरून देण्यात आले नाही, अशी तक्रार मुंबई उच्च न्यायालयापुढे आली. एप्रिल २०२२ मध्ये न्या. सुनील शुक्रे आणि न्या. गोविंद सानप यांच्या खंडपीठापुढे ती निघाली तेव्हा खंडपीठाने हा नकार हास्यास्पद असल्याचे बोलून दाखविले.

वर्तमानपत्रांनी या घटनेतील विनोद टिपला आणि ते साहजिक होते. इंग्रज उमरावांच्या आळशी पुतण्यांची आणि त्यांच्या चतुर नोकरांची फजिती रंगविणारा लेखक तुरुंगाच्या तटाला धोका ठरावा, यात हसण्याजोगे पुष्कळ आहे. समीक्षकाला मात्र येथे थांबता येत नाही. हे पुस्तक वाचून धोकादायक ठरविले असण्याची शक्यता मानता येत नाही. संहितेत नसलेला धोका मग कोठून आला? तो ज्याला ते पाठविले त्याच्या नावातून आला. वाचकप्रतिसादवादाने असे शिकविले, की अर्थ संहितेत नसून वाचकात निष्पन्न होतो. तुरुंगाच्या कचेरीने हा सिद्धांत त्याच्या विकृत टोकाला नेला : संशयित वाचकाच्या हाती पडणारी प्रत्येक संहिता संशयित. तात्पर्यनिर्णयाच्या सहा कसोट्या, भाषांतराचे वाद, अनुक्रमणिकेचे परीक्षण, हे सर्व येथे अनावश्यक होते. १९०८ च्या न्यायासनाने संहितेचा चुकीचा अर्थ लावला असे म्हणता येते. येथे अर्थ लावण्याचा प्रश्नच उद्भवला नाही.

हा बदल महत्त्वाचा आहे. जोवर अभ्यवेक्षक वाचतो, तोवर त्याच्याशी वाद शक्य असतो. तो चुकला हे दाखविता येते, मजकुराचा दाखला देता येतो, भाषांतर दुरुस्त करता येते. वाचणेच थांबते तेव्हा संहितेला आपल्या बचावासाठी काहीच उरत नाही. न वाचणारा सेन्सॉर हा वाचणाऱ्या सेन्सॉरहून अधिक निरंकुश होय. लेखकालाही तो काही शिकवीत नाही. कारण त्याला चुकविण्याची कोणतीही शैली संभवत नाही.

६

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की तुरुंग हे लेखकांचे विद्यापीठच ठरले आहे. ‘गीतारहस्य’, ‘गीता प्रवचने’, ‘श्यामची आई’ यांसारखे ग्रंथ तेथे झाले, मग अभ्यवेक्षणाने वाङ्मयाचे नुकसान केले असे कसे म्हणावे? या युक्तिवादातील दोष उघड आहे. समोर आहेत ते दारातून पार झालेले ग्रंथ. जे अडले, जे लिहिताना मनातच दडपले गेले, जे टपालाच्या पिशवीतून बाजूला काढून दप्तरात गेले, त्यांची यादी कोणाजवळ नाही. वाचलेल्यांच्या तेजावरून दाराची उदारता ठरविता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तुरुंगाला टपाल तपासण्याची खरी गरज असते. पळून जाण्याचे बेत, साक्षीदारांना धमक्या, निषिद्ध वस्तू यांचा मार्ग टपालच असू शकते. हे मान्य केलेच पाहिजे. परंतु तपासणे आणि अर्थ ठरविणे या दोन क्रिया आहेत. पाकिटात पाते आहे की नाही हे पाहण्यासाठी पत्र वाचावे लागत नाही, आणि पत्रात गुन्ह्याचा बेत आहे की नाही हे पाहण्यासाठी ते ‘खाजगी’ असण्याची अट घालावी लागत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली प्रोक्युनियर विरुद्ध मार्टिनेझ या प्रकरणात कैद्यांच्या टपालावरील अभ्यवेक्षणाला मर्यादा घालताना एक मार्मिक मुद्दा पुढे आणला होता : पत्राला दोन टोके असतात आणि त्यांपैकी एक तुरुंगाबाहेर असते. सेन्सॉर कैद्याबरोबर बाहेरच्या मोकळ्या नागरिकाचेही बोलणे तोडतो. त्याच न्यायालयाने १९८९ साली, तुरुंगात येणाऱ्या प्रकाशनांच्या बाबतीत, अधिकाऱ्यांच्या विवेकाला पुन्हा मोठी जागा दिली. भारतात १९७९ साली सुनील बत्रा यांनी तिहारमधून दुसऱ्या कैद्याच्या छळाविषयी लिहिलेले पत्र सर्वोच्च न्यायालयाने याचिका म्हणून स्वीकारले. ‘खाजगी बाबी’ आणि ‘इतर कैद्यांचा उल्लेख नको’ या लक्षणांत न बसणारे ते पत्र होते. ते लक्षणे मोडूनच सार्थ झाले. मुंबई उच्च न्यायालयाने १९८४ साली मधुकर जांभळे यांच्या याचिकेवर दुसऱ्या तुरुंगातील कैद्याला पत्र लिहिण्यास मनाई करणारा महाराष्ट्राचा नियम अवैध ठरविला, तोही याच दिशेने.

परंतु ही सर्व नावे ज्यांचे शब्द न्यायालयापर्यंत पोहोचले त्यांची आहेत. समीक्षेची खरी कसोटी ज्यांच्या शब्दांना दप्तर नाही त्यांच्यापाशी लागते. परभणी-पूर्णा लोहमार्गावरील पिंगळीसारख्या गावातून एखाद्या कैद्याला जाणाऱ्या पत्राची कल्पना करावी. १९४८ पूर्वी हे गाव निजामाच्या राज्यात होते आणि त्या राज्याच्या कारभाराची भाषा उर्दू होती. हैदराबादच्या तुरुंगाकडे जाणाऱ्या मराठी पत्राला अभ्यवेक्षणाआधी भाषांतराचाही उंबरठा असणे स्वाभाविक होते. पुढे राज्य बदलले, भाषा मराठी झाली. पत्र परभणीच्या जिल्हा कारागृहात किंवा हर्सूलला जाऊ लागले. घरात लिहिता येत नसेल तर ते शाळेतल्या गुरुजींकडून लिहून घेतले जाई. आत वाचता येत नसेल तर सोबतचा कैदी वाचून दाखवी. म्हणजे अशा पत्राला मुळातच दोन मध्यस्थ होते. ग्रामीण महाराष्ट्रातील पत्रव्यवहार मध्यमवर्गीय अर्थाने कधीच पूर्णपणे खाजगी नव्हता. ‘दोन मने, एक पत्र’ ही कल्पना शिक्षित घरांची. पण लिहून देणाऱ्या गुरुजींची आणि वाचून दाखविणाऱ्या सोबत्याची मध्यस्थी विश्वासाची होती. पत्र पोहोचावे म्हणून ते वाचीत. कचेरीतील मध्यस्थ पत्र पोहोचू द्यावे की नाही हे ठरविण्यासाठी वाचतो. तिसऱ्या वाचकाचे असणे हे दुखणे नाही. त्याच्या वाचनाचे प्रयोजन हे दुखणे आहे.

या भेदातून समीक्षेपुढे काही कामे उभी राहतात. तुरुंगात लिहिलेल्या ग्रंथांच्या चिकित्सक आवृत्त्या काढताना हस्तलिखितावरील शिक्के, पृष्ठांक, परवानगीच्या सह्या आणि खोडलेल्या ओळी यांना पाठाचा भाग मानले पाहिजे. आजवरच्या आवृत्त्यांत त्या गोष्टी स्वच्छ मुद्रणात नाहीशा होतात आणि त्यांच्याबरोबर प्रथम वाचकही नाहीसा होतो. कैद्यांच्या घरी ट्रंकांतून, देवघरातल्या फडताळांतून पडून असलेली, तपासणीचा शिक्का बसलेली साधी पत्रे जमविली पाहिजेत. त्यांत वाङ्मयगुण शोधण्याची गरज नाही. कुशल कळविण्याच्या एका वाक्यात किती गोष्टी न सांगता राहू शकतात, हे त्या पत्रांनी मराठी गद्याला शिकविले आहे, आणि त्या शिकवणुकीचा इतिहास अजून लिहावयाचा आहे.